उघाडीवरची मावशी

तळ्याच्या काठाशी उकिडवं बसायचं, करंगळी पाण्यात बुडवून जिभेच्या टोकाला लावायची आणि बाजूला थुंकायचं. मग क्षणभर डोळे मिटून निकाल द्यायचा. "आज पानी हलकं हाय." किंवा, "कडू झालंय रे, थोडं नवं घ्यायला लागंल." मावशीचा दिवस असा सुरू व्हायचा. आमच्या ऑफिसात खारेपणा मोजायचं एक छोटं यंत्र होतं, त्याची रीतसर नोंदवही होती आणि ती नोंदवही भरायचं काम माझ्याकडे होतं. पहिला महिनाभर मी यंत्राचा आकडा लिहून मग मावशीला विचारायचो. दुसऱ्या महिन्यापासून आधी मावशीला विचारायला लागलो.

जागा ठाण्याच्या खाडीकाठची. पूर्वी तिथे मीठ पिकायचं. मीठ बंद झालं, खारफुटी वाढली, पाखरं यायला लागली आणि एक दिवस तिथे 'संरक्षित पाणथळ क्षेत्र' अशी पाटी लागली. पाटीच्या आत एक मोठं खारं तळं, त्याच्या भोवती मातीचा बांध, बांधावर पत्र्याचं छप्पर असलेली एक खोली आणि खोलीपासून पन्नास पावलांवर उघाडी. उघाडी म्हणजे खाडी आणि तळं यांच्या मधलं दार. दगडी खाचेत एकावर एक बसवलेल्या पाच लाकडी फळ्या. वरची फळी काढली की भरतीचं थोडं पाणी आत येतं, दोन काढल्या की जास्त. एवढंच यंत्र. पण तळ्यातल्या प्रत्येक जिवाचं पोट त्या पाच फळ्यांवर अवलंबून होतं, आणि फळ्या मावशीच्या हातात होत्या.

मी शहापूरचा. लिपिक म्हणून तिथे रुजू झालो तेव्हा मला भाताचं खाचर सोडून दुसरं साचलेलं पाणी माहीत नव्हतं. मावशी आमच्याच तालुक्यातल्या शेणव्याची. लग्न होऊन आली त्याच वर्षी दिवाळी झाल्यावर नवऱ्याबरोबर मिठागरावर मजुरीला आली, आणि मग दरवर्षी दिवाळी ते पावसाळा मीठ, पावसाळा ते दिवाळी भात, अशी तिची वर्षं गेली. नवरा गेला, मीठ गेलं, तरी उघाडी कशी चालवायची हे माहीत असलेलं तिच्याशिवाय कोणी उरलं नव्हतं. म्हणून वनखात्याने तिला रोजंदारीवर ठेवून घेतलं. पहिल्या दिवशी माझं गाव कळल्यावर तिने मला पायापासून डोक्यापर्यंत बघून घेतलं.

"शापूरचा? मंग भात लावता येत आसंल."

"येतं की."

"हितं काय कामाचं नाय ते," ती म्हणाली आणि हसत सुटली. तिचे वरचे दोन दात नव्हते, त्यामुळे हसू मोठं दिसायचं.

आपल्याकडे सरकारी कामावर अशी एखादी व्यक्ती असतेच, तुम्हीही पाहिली असेल. हजेरीपटावर तिचं नाव सगळ्यात खाली असतं आणि ती रजेवर गेली की वरचे सगळे अडून बसतात. मावशी तशी होती. फक्त तिला त्याचा गर्व नव्हता. गर्व होता तो मुलाचा. "माजा पोरगा धरनावर हाय. भातसानगरला. मुंबयचं पानी तोच सोडतो," असं ती येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची. मुलगा वसाहतीतल्या बागेला पाणी घालायचा, हे मला पुढे कळलं. मी तिला तसं म्हटलं तर म्हणाली, "बाग काय मुंबयच्या पान्यावर नाय जगत? तेच पानी."

भरतीची वेळ ती तिथीवरून काढायची. शाळेचं तोंड तिने पाहिलं नव्हतं, पण पाऊणकी तोंडपाठ होती. मिठागरावरच्या मुकादमाने शिकवलेली. तिथीला पाऊणाने गुणायचं, की जे येईल त्या वाजता भरती पुरी. "चार पाऊन तीन, चतुर्थीला तीन वाजता. आठ पाऊन सहा, अष्टमीला सहा वाजता." बांधावरून चालताना ती हे पुटपुटत चालायची. मलाही तिने ते पाठ करायला लावलं. मोबाइलवर भरतीचं कोष्टक मिळतं असं मी सांगून पाहिलं. ती म्हणाली, "मिळू दे. मोबाइल पान्यात पडला तर?" पुढच्याच आठवड्यात माझा मोबाइल पाण्यात पडला. ती त्यावर एक अक्षर बोलली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली, आणि ते जास्त लागलं.

आमच्याकडे लोक यायचे ते रोहित बघायला. रोहित म्हणजे फ्लेमिंगो. गुलाबी पंखांची, लांब मानेची ती पाखरं हिवाळ्यात हजारोंनी खाडीत उतरतात आणि पावसाळ्याआधी जातात. लोक हातभर लांब कॅमेरे घेऊन पहाटेपासून बांधावर आडवे पडायचे. मावशी त्यांच्या पायांतून वाट काढत जायची. एकाला तिने विचारलं होतं, "येवढी तोफ कशाला रं आनलीस? पाखरू काय पलून चाललंय?" तो बिचारा ओशाळला.

तिचं स्वतःचं मन रोहितांवर फारसं नव्हतं. "ती पाव्हनी. येतात, खातात, फोटो काढून घेतात, जातात." तिचा जीव होता शेकाट्यांवर. शेकाट्या हे काळ्या पंखांचं, पांढऱ्या पोटाचं, लाल काडीसारख्या लांब पायांचं साधं पाखरू आहे. तुम्ही कुठल्याही डबक्याकाठी पाहिलं असेल, आणि पुढे गेला असाल. त्याचं घरटं झाडावर नसतं. चैत्रात तळ्याचं पाणी उतरलं की उघड्या पडलेल्या चिखलाच्या उंचवट्यावर चार काड्या, दोन शिंपले गोळा करून ते तिथेच अंडी घालतं. मातीच्या रंगाची, काळे ठिपके असलेली अंडी. पाय पडेपर्यंत दिसत नाहीत.

म्हणून चैत्र लागला की मावशी पाचही फळ्या घट्ट बसवायची, तळ्याची पूर्वेकडची बाजू सुकू द्यायची आणि रोज सकाळी अनवाणी पायांनी तिथे फिरून घरटी शोधायची. घरटं सापडलं की त्याच्यापासून हातभर अंतरावर ती कौलाचा एक तुकडा खोचून ठेवायची, म्हणजे कोणाचा पाय पडू नये. कौलं शेणव्याहून आणलेली, तिच्या जुन्या घरावरची. "पोरानं पत्रे घातले. कौलं टाकून द्यायची होती, मी म्हनलं, थांब, माज्या बायांना लागतील." शेकाट्यांना ती 'माज्या बाया' म्हणायची. जवळ गेलं की त्या डोक्यावर घिरट्या घालून किक-किक-किक असा कालवा करायच्या. मावशी मान वर न करता त्यांना उत्तर द्यायची, "गप गो. मीच हाय. गप."

दुपारी ती तांदळाची भाकरी आणि सुकट उघडायची. अर्धी भाकरी न विचारता माझ्या डब्याच्या झाकणावर पडायची. मी कळव्याला खोली घेऊन राहत होतो, बायको बाळंतपणासाठी मुरबाड तालुक्यात तिच्या माहेरी गेलेली. खानावळीचा डबा बघून मावशी तोंड वाकडं करायची. "ह्याला काय चव ना ढव. खा, खा, आपल्याकडचा तांदूळ हाय." आपल्याकडचा या शब्दावर ती जरा जोर द्यायची. तिथे आम्ही दोघंच आपल्याकडचे होतो.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसलो ते सांगतो. इतका वेळ मी मावशीच्या गमती सांगत होतो त्या खऱ्याच आहेत, पण त्यांच्या आड लपायची मला सवय झाली आहे.

त्या वर्षी चैत्रात सतरा घरटी झाली. सतरा कौलं चिखलात उभी होती. हनुमान जयंतीला मावशी चार दिवस गावी निघाली. गावात उत्सव होता, आणि राब भाजायचा राहिला होता. भाताचं रोप जिथे करायचं त्या जमिनीवर पालापाचोळा, शेण पसरून ती भाजून घेतात, तो राब. पावसाआधी तो झालाच पाहिजे. निघताना तिने मला उघाडीजवळ नेलं आणि एकेका फळीवर हात ठेवून सांगितलं, "बंद हाय. बंदच ठेव. मी येईपर्यंत हात लावू नको."

"नाही लावत."

"बायांची अंडी आता भरलीत. आठ-दहा दिसांत फुटतील."

त्याच आठवड्यात शहापूरहून माझ्या जुन्या शाळेची मुलं येणार होती. परीक्षा संपली होती आणि माझ्या गुरुजींनी फोन करून विचारलं होतं, आपल्या पोरांना ते गुलाबी पक्षी दाखवशील का? मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, या की. वरून परवानगी मिळवली, पाण्याच्या बाटल्या मागवल्या. पण तळ्यात फारसं पाणी नव्हतं, त्यामुळे रोहित बाहेर खाडीच्या चिखलात दूर उभे होते. बांधावरून बघितलं तर एक गुलाबी रेघ दिसायची, बस्स. शहापूरहून पहाटे उठून आलेल्या पोरांना मी रेघ दाखवणार होतो.

मुलं येण्याच्या आदल्या दिवशी, दुपारी, मी उघाडीवर गेलो. माझ्या डोक्यात खाचर होतं. लहानपणापासून बांधाचं तोंड फोडून खाचरात वीतभर पाणी घेतलेला माणूस मी. इथेही वीतभर घेऊ, तळ्याची पश्चिमेची बाजू भरेल, रोहित आत उतरतील, घरट्यांपर्यंत पाणी जाणारच नाही. तिथी होती द्वितीया. बे पाऊण दीड. दीड वाजता भरती पुरी होणार हे मी बरोबर काढलं होतं. आणि पौर्णिमा तर होऊन गेली, आता पाण्याचा जोर उतरतीला लागला असणार असं मी धरून चाललो. मी बाराच्या सुमाराला वरच्या दोन फळ्या काढल्या.

पौर्णिमेचं सगळ्यात मोठं पाणी पौर्णिमेला येत नाही. दोन दिवस मागून येतं. खाडीकाठच्या कुठल्याही माणसाला हे ठाऊक असतं. मी भाताचा माणूस, आणि पाऊणकी शिकलो म्हणजे खाडी शिकलो असं मला वाटत होतं.

पाणी आलं ते खाचरात येतं तसं आलंच नाही. ते आवाज करत आलं. पंधरा मिनिटांत मी फळी परत बसवायला गेलो तर धारेने ती माझ्या हातातून ओढून घेतली आणि आत तळ्यात फेकली. दुसरी खाचेत आडवी अडकली. मी छातीइतक्या पाण्यात उभा राहून ती सरळ करायचा प्रयत्न करत होतो आणि मागे शेकाट्यांचा कालवा सुरू झाला होता. मी वळून बघितलं नाही. दीडच्या पुढे कधीतरी पाणी थांबलं, फळी बसली, आणि मी बांधावर चढलो. सतरा कौलांतलं एकही दिसत नव्हतं. भरलेली अंडी बुडत नाहीत. ती पाण्यावर तरंगत होती, वाऱ्याने काठाकडे येत होती, आणि शेकाट्या त्यांच्यावर घिरट्या घालत ओरडत होत्या.

इथपर्यंत चूक होती. अजाणतेपणी झालेली, कोणाच्याही हातून होईल अशी. इथपर्यंतची गोष्ट मी बायकोला सांगितली होती.

पुढची सांगितली नव्हती. ओहोटी लागली होती. वाहून गेलेल्या फळीच्या जागी मोकळं तोंड होतं, आणि त्यातून पाणी परत खाडीत जायला लागलं होतं. मी नुसता उभा राहिलो असतो तरी संध्याकाळपर्यंत बरंच उतरलं असतं. एखाद-दुसरं घरटं उंचावर असेल, वाचलं असेल, हेही माझ्या मनात आलं. मग मनात आलं, अंडी तर गेलीच आहेत. आणि उद्या मुलं येणार आहेत. मी बांधावरचं गवत उपटलं, त्याच्या जुड्या दुमडल्या, चिखलात घोळल्या आणि ते तोंड बुजवलं. वडील बुजवायचे तसं, टाचेने ठोकून ठोकून. थेंब गळत नव्हता. पाणी तळ्यात राहिलं.

दुसऱ्या दिवशी मुलं आली. रोहित आत उतरले होते. दगड मारला असता तर लागला असता इतके जवळ. मुलांनी टाळ्या वाजवायच्या नाहीत असं ठरलं होतं म्हणून ती तोंडावर हात दाबून नाचत होती. गुरुजींच्या डोळ्यांत पाणी आलं. "आपल्या शाळेचा पोरगा," असं म्हणून त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. एका मुलीने विचारलं, "ते दुसरे पक्षी का ओरडतायत?" मी म्हटलं, "त्यांची सवयच असते तशी."

मावशी त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आली. हातात जत्रेच्या नारळाचा प्रसाद होता. बांधावर येऊन तिने तळं बघितलं. पिशवी खाली ठेवली, लुगडं खोचून पाण्यात उतरली आणि हाताने चाचपत एकेक कौल शोधायला लागली. मी खोलीच्या दारात उभा होतो. तासाभराने ती बाहेर आली ती सरळ उघाडीवर गेली आणि बुजवलेल्या तोंडासमोर बसली. गवताच्या दुमडलेल्या जुड्या तिने बोटांनी मोकळ्या करून बघितल्या. टाचेचे ठसे वाळून पक्के झाले होते. बुजवण आतल्या अंगाने होती. खाडीचं पाणी अडवायचं असतं तर ती बाहेरच्या अंगाने घातली असती. आतून घातली याचा अर्थ कोणीतरी तळ्यातलं पाणी जाऊ नये म्हणून घातली. हे वाचायला तिला शाळेची गरज नव्हती.

दुपारी साहेब आले. पक्षी मोजायला येणाऱ्या मंडळींनी घरट्यांचे फोटो आधी काढले होते, त्यांनी फोन केला होता. साहेब माणूस भला होता, पण त्यालाही वर उत्तर द्यायचं होतं. त्याने आम्हा दोघांना समोर उभं केलं.

"उघाडी कोणी उघडली?"

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. नोकरीत कायम होऊन मला तीन महिने झाले होते, बायकोचे दिवस भरत आले होते, आणि तोंडातून काही निघायला जेवढा वेळ लागतो तेवढ्या वेळात हे सगळं माझ्या डोक्यातून गेलं.

"माज्याच हातनं झालं, सायेब," मावशी म्हणाली. "फली नीट बसली नवती. मी बघाया पायजे होती. तशीच गावाला गेले."

साहेबाने माझ्याकडे बघितलं. मी मावशीकडे बघितलं. ती तळ्याकडे बघत होती. साहेब हळू आवाजात म्हणाला, "मावशी, वय झालं आता तुमचं. किती दिवस या चिखलात फिरणार?" महिनाअखेरीला तिची रोजंदारी बंद झाली. तो कागद मीच टाइप केला. ते माझंच काम होतं.

जायच्या दिवशी तिने भाकरीचं फडकं, एक कांबळं आणि विळा एवढंच बांधून घेतलं. उरलेली कौलं खोलीमागे रचून ठेवली. मी तिला रिक्षापर्यंत सोडायला गेलो. वाटेत काहीतरी बोलेल, शिवी तरी देईल, अशी माझी आशा होती. ती रिक्षात बसली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "पुनवेला मोठं पानी नाय येत रे. दोन दिस मागून येतंय. ध्यानात ठेव."

मी मान हलवली.

"आन बायांकडं बघ. अंडी गेली का त्या कदी कदी दुसऱ्यांदा घालतात."

रिक्षा गेली. मी त्या दिवशी तळ्याकडे गेलो नाही, नंतरही कितीतरी दिवस पूर्वेच्या बाजूला फिरकलो नाही. दुसऱ्यांदा घातली की नाही मला माहीत नाही. माझी लाज मी अशी वागवली.

पुढच्या वर्षी उघाडी माझ्याकडे आली, कारण दुसरं कोणी नव्हतं. दिवाळीपासून मी रोज पहाटे बांधावर असायचो. तिथ्या, भरत्या, कोणत्या दिवशी किती फळ्या, सगळं वहीत उतरवून काढलं. चैत्र लागल्यावर पाचही फळ्या बसवल्या आणि त्यांना कुलूप घातलं. वैशाखापर्यंत सहा घरटी झाली. मी बूट काढून, मावशीसारखा अनवाणी, सहा कौलं खोचून आलो. सहाही घरट्यांतून पिल्लं निघाली. कापसाच्या बोंडाएवढी, आणि जन्मल्या दिवशीच पळणारी. ती बघताना मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं.

त्याच वेळी शेणव्याला जायला हवं होतं. मी निघालोही होतो. उन्हाळ्यात माहेरी गेलेल्या बायकोला आणि वर्षाच्या मुलीला बघायला सासुरवाडीला जाताना वाट वाकडी करून शेणव्याच्या फाट्यापर्यंत दोनदा गेलो. फाट्यावर मोटरसायकल उभी केली, एकदा चहा प्यायलो, एकदा तोही नाही, आणि मागे फिरलो. मनात असं होतं की सतरा बुडवली आणि सहा घेऊन काय तोंडाने जायचं? आणखी एक वर्ष जाऊ दे. सतराच्या वर आकडा गेला की जाऊ. माफी मागायच्या आधी भरपाई करायची, असा माझा हिशेब होता. तेव्हा तो मला फार प्रामाणिक वाटायचा.

दुसऱ्या वर्षी एकवीस झाली. पिल्लं निघेपर्यंत मी थांबलो. ज्येष्ठ लागता लागता एका रविवारी शेणव्याला गेलो, या वेळी फाट्यावर थांबलो नाही.

घर विचारत विचारत सापडलं. पत्र्याचं, ओटीला शेणाचं सारवण. ओटीवर मुलगा बियाण्याचा भात निवडत बसला होता. चाळिशीचा असेल, चेहरा थेट मावशीचा. मी कोण ते सांगितल्यावर तो उठून उभा राहिला. भिंतीवर मावशीचा फोटो होता आणि फोटोला हार होता.

"माघात गेली," तो म्हणाला. "छातीत कफ झाला. चार दिस झोपून होती. बसा ना तुमी."

मी बसलो. आतून सुनेने पाण्याचा तांब्या आणून ठेवला. मी तो हातात धरून सगळं सांगितलं. दोन फळ्या काढल्या ते, फळी वाहून गेली ते, आणि मग गवताच्या जुड्या करून पाणी आत अडवलं तेही. साहेबासमोर गप्प राहिलो ते. कागद मी टाइप केला ते. तो ओंजळीतल्या भातातून बोट फिरवत राहिला. माझं संपल्यावर म्हणाला, "ठाऊक हाय."

"कोणी सांगितलं?"

"आईनं. आली त्याच दिशी. मी लय तापलो होतो. म्हनलो, जाऊन सायबाला सांगतो कुनी केलं ते. तिनं नाय जाऊ दिलं. म्हनाली, बायको त्याची अवघडलीय, आन तो वाईट नाय, भितो जरा." त्याने ओंजळीतला भात सुपात टाकला. "आमचं जाऊ द्या. तिला काम गेल्याचं पन काय नवतं वो. राबाचं बघायची, नातवंडांचं करायची, बरी होती. पन पाखरं परत आली का, तेवढंच इचारायची. कुनी ठान्याकडनं आलं का त्याला इचारायची. माघात झोपून होती तवासुद्धा. माज्या बाया आल्या आसतील का रे परत? आमी काय सांगनार? आमाला कुनाला ठाऊक नवतं."

मला ठाऊक होतं. ती गेली त्याच्या आदल्या वैशाखापासून ठाऊक होतं. सहा घरटी आली होती आणि सहाही वाचली होती, आणि सहा हा आकडा मला लहान वाटला म्हणून मी शेणव्याच्या फाट्यावरून दोनदा मागे फिरलो होतो.